जपायची तर चालवायची

वडिलांची जावा मोटारसायकल १९६८ सालची. ते सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात होते. उसाच्या नोंदी, लागणीची पाहणी, तोडीचं नियोजन या कामांसाठी त्यांचं निम्मं आयुष्य कोल्हापूर भागातल्या पाणंद रस्त्यांवर या गाडीवरच गेलं. गुडघे कुरकुरू लागले तशी त्यांनी ती गावच्या घराच्या पडवीत लावली. ते गेल्यावरही ती तिथेच राहिली. पुढे बऱ्याच वर्षांनी ती पुन्हा रस्त्यावर आणायचं मी मनावर घेतलं. मी शाळेत इतिहास शिकवत आले, यंत्रांशी माझा संबंध शिलाई मशीनपुरता. तरीही या कामानं मला जे दिलं ते सांगावंसं वाटतं. तुमच्या पडवीत काय उभं आहे, ते तुम्हाला ठाऊक.

१. उभी गाडी झिजत नसेल, पण ती आतून सडत असते. आम्ही ती सांभाळली होती, असंच घरात सगळ्यांना वाटायचं. अंगावर ताडपत्री होती, वर कौलं होती. दर दसऱ्याला आई तिला पुसून हळदकुंकू लावायची, झेंडूचा हार घालायची. किक मात्र कुणी मारत नव्हतं. गाडी दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रींनी ताडपत्री काढली, गाडीभोवती सावकाश फिरले आणि म्हणाले, "ताई, गाडी चालवून मरत न्हाई, उभी ऱ्हाऊन मरतीया." पुढे एकेक भाग उघडत गेला तसा त्या वाक्याचा अर्थही उघडत गेला. ताडपत्रीनं पाऊस अडवला, पण जमिनीतून वर येणारी ओल आत कोंडली. टाकी अर्धवट भरलेली. दिवसा ती तापली की आतली हवा बाहेर जाणार, रात्री निवली की पावसाळी हवा आत येणार आणि पाणी पत्र्यावर धरणार. ग्रीस वाळलं, बॅटरीतलं आम्ल आसपासच्या पत्र्यावर उतरलं, टायर एकाच जागी भार सोसून चपटे झाले. चिखलातून, उन्हातून, उसाच्या बैलगाड्यांच्या मागून वडिलांनी ती वर्षानुवर्षं हाकली, तेव्हा तिला काही झालं नव्हतं.

२. सुरू कशी होईल याच्या आधी विचारायचा प्रश्न म्हणजे ती अडली कुठे आहे. गाडी अंगणात आली की जो तो किकवर पाय ठेवायला धावतो. मिस्त्रींनी कुणाला पाय लावू दिला नाही. आधी प्लग काढला, मग हेड. पिस्टन अधेमध्येच थांबलेला आणि जाम. टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात. पिस्टन ज्या जागी थांबला तिथे धुराची खिडकी उघडी राहिली, तर सायलेन्सरमधून दमट हवा थेट आत शिरते. सिलिंडर बिडाचा, त्यावर गंज धरतो, आणि रिंगा त्या गंजात अडकून बसतात. मिस्त्रींनी वरून डिझेल आणि इंजिन ऑइल ओतलं आणि गाडी तशीच ठेवली. मग रोज येता-जाता पाना लावून किंचित जोर द्यायचा, हलत नसेल तर सोडून द्यायचं. हातोडा जवळ होता, पण त्यांनी उचलला नाही. ठोकून पिस्टन निघतो, पण रिंग मोडते, दट्ट्याचा दांडा वाकतो आणि सिलिंडरवर कायमचा ओरखडा राहतो. वाट पाहणं हाही कारागिरीचाच भाग असतो, हे मला तिथे कळलं. एका सकाळी पाना केसभर सरकला, आणि मिस्त्रींनी त्या दिवशी आणखी काहीच केलं नाही. म्हणाले, "आज एवढंच. उद्या परत तिकडनं इकडं."

३. गाडी खोलताना घरातल्या माणसाची ओळख नव्याने होते. प्रत्येक भाग निघाला की मी फोटो काढायचे, वहीत नोंद करायची, नटबोल्ट डबीत घालून वर चिठ्ठी लावायची. कोणती वायर कुठून वळली होती, कोणता वॉशर कोणाच्या आधी होता, हे जोडताना आठवेल असं कुणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. माझ्या विषयात पुराव्याची जागा हलली की निम्मा अर्थ जातो, इथेही तसंच. आणि या पुराव्यांत वडील भेटत गेले. एका झाकणाखालचं गॅस्केट लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून कापलेलं निघालं. तेलानं काळपट झालं होतं, तरी 'श्री गजानन प्रसन्न' वाचता येत होतं. क्लचच्या केबलला तांब्याच्या तारेचे नेटके वेढे. हत्यारपेटीत प्लग, पॉइंट घासायची कानस, सुतळीचा गुंडा. कारखान्याच्या गेटपासून लांब, शिवारात गाडी बंद पडली की मदतीला कोणी येणार नाही, हे धरून चालणाऱ्या माणसाची ती पेटी होती. घरात वडील कमी बोलायचे. किती गोष्टी त्यांनी स्वतःच्या हातांनी निभावून नेल्या, ते मला या गाडीनं सांगितलं.

४. चांगलं यंत्र ज्यांनी योजलं, त्यांनी चालवणाऱ्याचा किती विचार केला होता हे खोलल्यावरच दिसतं. या जावाचं मूळ मॉडेल, टाइप ३५३, चेकोस्लोव्हाकियात १९५४ साली आलं. म्हैसूरच्या यादवगिरीतल्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा बनू लागल्या. २५० सीसीचं इंजिन, एकच सिलिंडर, पण धुराला दोन वाटा आणि दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो. गिअर बदलताना दांड्याबरोबर क्लच आपोआप सुटतो, हात लावायची गरज नाही. मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते चेनचं. चेन पूर्णपणे पत्र्याच्या पेटीत बंद असते. बाकी सगळीकडे गंजाचं राज्य असताना ही पेटी उघडली, तर आतली चेन काळी, तेलकट, शाबूत. चेन उघडी असती तर पाणंदीतला चिखल आणि उसाच्या पाचटाचा भुगा रोज तिच्यावर बसला असता. युरोपातल्या थंडी-पावसासाठी केलेली ही सोय आमच्या ऊसपट्ट्यात इतकी उपयोगी पडली. ही गाडी गावोगाव का रुजली, याचं एक उत्तर मला त्या पेटीत मिळालं.

५. सगळ्यात स्वस्त भाग सगळ्यात महत्त्वाचा असू शकतो. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबराचे छोटे सील असतात. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-ऑइलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली येताना ते दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरात जातं. म्हणजे क्रँककेस हवाबंद असलीच पाहिजे, आणि ती तशी ठेवायची जबाबदारी या दोन सीलांवर. आमचे सील बोटानं दाबले तर पापडासारखे तुटले. क्लचच्या बाजूचा सील गेला तर गिअरचं तेल इंजिनात ओढलं जातं, सायलेन्सरमधून पांढुरक्या धुराचा लोट निघतो आणि गिअरबॉक्स हळूहळू कोरडा पडतो. डायनामोच्या बाजूचा गेला तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन आपोआप पळू लागतं, तापतं आणि पिस्टन धरतो. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. चकचकीत रंग, नवं क्रोम, आणि आत जुनेच सील, अशी कितीतरी गाड्यांची कहाणी असते, असं मिस्त्री म्हणाले. रबराला वय असतं; गाडी चालली किंवा न चालली तरी ते म्हातारं होतंच. त्यामुळे आम्ही सील, होज, नळाचं रबर, टायर-ट्यूब, ब्रेकचे लायनर असं सगळं काही न तपासताच बदललं. काही बाबतींत चौकशी न करता खर्च करण्यात शहाणपण असतं.

६. आपल्या गावाची खरी श्रीमंती कधी कधी गावकऱ्यांनाच दिसत नाही. मी कोल्हापुरात वाढले. उद्यमनगर माझ्यासाठी बसमधून दिसणारी, लेथच्या आवाजांची वस्ती होती. सिलिंडर घेऊन तिथे गेले तेव्हा डोळे उघडले. उसाला पाणी द्यायला ऑइल इंजिनं आणि पंप लागले, त्यांना कास्टिंग लागलं, त्यातून इथे फाउंड्र्या आणि मशीन शॉप वाढले. शेतीच्या गरजेनं एक अख्खी कारागीर वस्ती उभी केली. जावाचा मूळ बोअर ६५ मिलिमीटरचा. गंजानं भिंतीला खड्डे पडले होते, म्हणून तो थोडा मोठा करून पुढच्या मापाचा, ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा ठरलं. ही मापं पाव-पाव मिलिमीटरनं वाढत जातात. बोअर करणाऱ्या काकांनी आधी पिस्टन मागितला. सिलिंडर नंतर. "पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारायचा न्हाई," ते म्हणाले. डब्यावर छापलेल्या मापावर त्यांचा विश्वास नव्हता. प्रत्येक पिस्टन ते स्वतः मोजतात आणि त्याच्या मापानं भिंत कातरतात. गेजचा काटा पाहताना त्यांचा श्वास मंद झालेला दिसायचा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चालणारं हे काम, आणि दुकानावर पाटीसुद्धा नाही.

७. आवाज आणि ठिणगी ओळखायला जे लागतं ते पुस्तकात मावत नाही. या गाडीत इलेक्ट्रॉनिक काही नाही. फिरत्या कॅमवर पॉइंट उघडतात, त्या क्षणी कॉइलमधून प्लगला ठिणगी मिळते. पॉइंटमधलं अंतर साधारण ०.४ मिलिमीटर. पण ते नेमके कधी उघडतात हे डोळ्यांना दिसत नाही. मिस्त्रींनी पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरला, हलका ताण दिला आणि इंजिन हळूहळू फिरवलं. कागद सुटला तो क्षण ठिणगीचा. पिस्टन माथ्यावर पोचण्याआधी काही मिलिमीटरवर तो यायला हवा. दिवे आणि वायरिंगमध्ये मला आणखी एक धडा मिळाला. ही गाडी ६ व्होल्टची. ३० वॅटच्या दिव्याला १२ व्होल्टवर अडीच अँपिअर लागतात, ६ व्होल्टवर पाच. प्रवाह दुप्पट झाला की सांध्यातल्या गंजात वाया जाणारी ताकद चौपट होते. जुन्या जावांचे दिवे मंद असतात असं सगळे म्हणतात. त्यातला बराच मंदपणा अर्थिंगच्या गंजाचा असतो. आम्ही एकेक सांधा घासून उघडा धातू काढला, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या, आणि दिवा स्वच्छ पिवळा लागला. १२ व्होल्टचा बदल करा, असं अनेकांनी सुचवलं होतं. त्याची गरज पडली नाही.

८. सुटे भाग शोधताना माणसंच जास्त मिळतात. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. तोपर्यंत गाडीचं नाव येझदी झालं होतं. तरीही भाग मिळतात, कारण लोकांनी गाड्या सोडल्या नाहीत. पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांत जुन्या कपाटांच्या मागून कागदात गुंडाळलेला 'कंपनी माल' निघतो. जुन्या बाजारात रविवारी पथारीवर सायलेन्सरची जाळी, हेडलाइटची रिम, कुणाच्या तरी गाडीचा स्पीडोमीटर मांडलेला असतो. नवा लोकल माल स्वस्त असतो, पण त्याच्या आट्या नीट बसत नाहीत; पुष्कळदा जुना, वापरलेला पण मूळ भाग साफ करून लावणं जास्त चांगलं. मला या शोधात जे भेटले त्यांत सगळ्या थरांतले लोक होते. निवृत्त पोस्टमन, दूध संघाचे कर्मचारी, कॉलेजात शिकणारी मुलं. जुलैचा दुसरा रविवार ते जावा-येझदीचा दिवस म्हणून पाळतात, गावोगाव एकत्र निघतात. एका अनोळखी गृहस्थांनी कार्बोरेटरचा जेट नुसता पत्ता विचारून पाठवून दिला. पैसे विचारले तर म्हणाले, पुढे कुणाला लागला तर तुम्ही द्या. वस्तू इतकी वर्षं टिकते ती अशा देवाणघेवाणीवर, असं मला मनापासून वाटतं.

९. सगळं नवं करणं म्हणजे पुन्हा उभं करणं नव्हे. रंगाच्या दुकानात गेलं की मोह होतो. अख्खी गाडी ब्लास्ट करा, पावडर कोटिंग करा, सगळं क्रोम पुन्हा चढवा. पण टाकीवर दोन्ही बाजूंना, जिथे वडिलांचे गुडघे टेकायचे, तिथला रंग घासून घासून पातळ झाला होता. फुटरेस्टचं रबर एका बाजूला जास्त झिजलं होतं. ही झीज चालण्यातून आली आहे, ती गंजासारखी नाही. गंज काढायचा आणि झीज ठेवायची, असं आम्ही ठरवलं. क्रोमचा थर फार पातळ असतो, त्याखाली निकेल असतं. पुन्हा चढवायचं तर जुनं सगळं उतरवून बफिंग करावं लागतं आणि त्यात पत्र्याच्या मूळ कडा बोथट होतात. टाकीच्या क्रोमवर गंज वरवरचा होता, तो हातानं घासून काढला. मडगार्ड मात्र पार खराब झाले होते, ते रंगवावे लागले. मरून रंगावर सोनेरी रेघा काढायला आम्ही एका जुन्या बोर्ड पेंटरना बोलावलं. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्या ब्रशला काम राहिलेलं नाही. लांब केसांचा ब्रश त्यांनी एकदाच रंगात बुडवला आणि मडगार्डच्या वळणावरून एका दमात, हात न टेकता रेघ ओढली. स्टिकरच्या रेघेला अशी सजीव जाडी येत नाही.

१०. कागदपत्रांतही निवड करावी लागते, आणि त्या निवडीतून आपल्याला ही गाडी कशासाठी हवी आहे ते कळतं. आमच्या गाडीचं पुस्तक जुन्या पद्धतीचं, हाताने लिहिलेलं. नंबर तीन अक्षरांच्या जुन्या मालिकेतला. संगणकात त्याची नोंदच नव्हती, ती आधी करून घ्यावी लागली. मग तपासणी, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीनं उमटवलेला ठसा, पर्यावरण कर, विमा. दुसरी वाटही समोर होती. २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज वाहनांसाठी नियम केले. ५० वर्षांवरच्या गाडीची नव्याने नोंदणी केली तर 'व्हीए' मालिकेतला खास नंबर मिळतो, फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं; आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ती नोंदणी मानाची आहे, पण तिच्यात गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणायची. तिथे मला मिस्त्रींचं पहिल्या दिवशीचं वाक्य आठवलं. आम्ही साध्या नूतनीकरणाची वाट धरली. तपासणी पुन्हा पुन्हा येणार आणि दर पाच वर्षांनी फेरनोंदणी होणार, तरी चालेल. वडिलांचा नंबरही तोच राहिला आणि दूध आणायला गाडी नेण्याचा हक्कही.

११. गाडी जुनी असली तरी पेट्रोल आजचंच भरावं लागतं, हे ध्यानात ठेवावं लागतं. टाकीचा गंज आम्ही व्हिनेगर भरून काढला, ती सोड्यानं धुतली, आणि लगेच आत तेल फिरवलं, कारण स्वच्छ झालेला पत्रा हवेत पुन्हा लगेच गंज धरतो. टाकी तयार झाली, पण पंपावर आता जे मिळतं ते वडिलांच्या काळचं पेट्रोल नाही. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या गोष्टीनं मला थांबून विचार करायला लावलं. ज्या उसाच्या नोंदी घेत वडील या गाडीवरून फिरले, त्याच उसापासून आमच्या भागातले कारखाने आज इथेनॉल करतात, आणि ते आता तिच्याच टाकीत येतं. याचा मला आनंद आहे, पण गाडीचीही बाजू आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला सोसत नाही, आणि त्याच्यातच ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण थोडं पातळ पडतं. म्हणून आम्ही नव्या प्रकारचा होज लावला आणि कार्बोरेटरला एक माप मोठा जेट बसवला. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर नळ बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल जळू द्यायचं. ऑइल लिटरला ४० मिलिलिटर, म्हणजे एकास पंचवीस; जुन्या चालकांचं हे प्रमाण आम्ही बदललं नाही.

१२. यंत्र टिकण्याआधी ते जाणणारे हात टिकावे लागतात. गाडी सुरू झाली तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांनी आवाजावरूनच ओळखली. मला त्याहून जास्त भावलं ते मिस्त्रींच्या दुकानातल्या पोराचं पाहणं. तो रोज इंजेक्शनच्या गाड्यांना लॅपटॉप लावतो. त्याने या कामात पहिल्यांदा पॉइंट लावले, कागद सुटण्याचा क्षण बोटांनी ओळखला, चाकाचं आउट काढताना स्पोक वाजवून त्यांचा सूर ऐकला. मिस्त्रींनी त्याच्याकडून प्रत्येक काम करवून घेतलं, स्वतः बाजूला बसून. त्यांचं ज्ञानही वापरात असेल तरच राहील, हे त्यांना माझ्या आधी ठाऊक होतं. टू-स्ट्रोकचा दोषही मी जाणते: थोडं न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल धुराबरोबर बाहेर जातंच, आणि प्रदूषणाच्या कडक नियमांपुढे या गाड्या मागे पडल्या ते योग्यच होतं. म्हणून तिला रोज उगाच फिरवत नाही. पण उभीही ठेवत नाही. किक मारून दोन मिनिटांत बंद करणं वाईट. सायलेन्सरमध्ये आणि क्रँककेसमध्ये पाणी धरतं. चांगली तापेपर्यंत चालवावी लागते.

नातलगांत आता या गाडीवर हक्क सांगणारे पुष्कळ आहेत. एकाला ती दिवाणखान्यात काचेआड ठेवायची आहे, एकीला हॉटेलच्या दारात लावायची आहे. त्यांचं तिच्यावर प्रेम आहे हे मी मानते. पण मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय की माझ्यानंतर ती भाचीकडे जावी, कारण गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवायला ती शिकली आहे. खाली तीन अटी आहेत. आठवड्यातून एकदा इंजिन पुरतं तापेपर्यंत चालवायची, पावसाळ्यातही. वर्षातून एकदा उद्यमनगरात न्यायची, आणि तिथे काम शिकणारं जे कोणी असेल त्याच्या हातून तिचं काम करून घ्यायचं. आणि ताडपत्री घालायची नाही.